सोळा बाय सोळा

पहिल्या दिवशी तांब्या काढला.
ई-केवायसीला आलेल्या माणसाने मान वाकडी करून विचारलं,
"ही पिठाची गिरणी हाय का?"
मी म्हटलं, हो.

मानवतला, मोंढ्याच्या पाठीमागे आमचं सेवा केंद्र.
एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र,
आणि दिवसातून तीन-चारदा सर्व्हर डाऊन.
त्या वेळात आधी मी नखं खायचे.
आता घरं भरते.
आडवी सोळा, उभी सोळा,
दोनशे छप्पन्न घरं,
आणि एकही अर्धं भरता येत नाही.
हे कळायला आठवडा गेला.

दिवस नववा, कापसाचं बोंड.
पांढऱ्यावर पांढरं दिसेचना.
मग समजलं, खालच्या कडेला
उलीशी निळसर राख लागते.
दुपारी मोंढ्यात जाऊन गंजीसमोर उभी राहिले.
खरंच होती.
तेवीस वर्षं या गावात राहून
मी कापूस पांढरा समजत होते.

बारा, तेरा, चौदा: लाइट नाही.
पंधराव्या दिवशी लाइट होती, मी नव्हते.
सोळाव्याला सेव्ह करायच्या आत गेली
आणि अर्धी बाभळ घेऊन गेली.

वळण काढायचं तर पायऱ्या मोजायच्या.
तीन, दोन, एक, एक, दोन, तीन.
एक चुकली की घागरीला पोक येतं.
बसमध्ये, भाकरी थापताना, झोपेत
तीन, दोन, एक.
आई म्हणाली, हिला काय झालंय?
शाळेत चौकडीच्या वहीच्या मागच्या पानावर
हेच करायचे मी.
काकडे बाईंनी ते पान टर्रकन फाडलं होतं,
कागद वाया घालवते म्हणून.

शेजारी मोबाइल दुरुस्त करतो तो तौसिफ म्हणाला,
जवळून काय बघायलीस, लांबून बघ.
स्वतःच गेला रस्त्यापलीकडं,
रसवंतीच्या पत्र्याखाली उभा राहिला,
मधून दोन ट्रॅक्टर गेले,
मग तिकडून ओरडला, "कोंबडाय!"
मी मांजर काढलं होतं.
पण कोंबडा तर कोंबडा,
काहीतरी जिवंत तर दिसलं.

एक्केचाळिसाव्या दिवशी चतुराबाई आल्या.
त्यांचा अंगठा यंत्राला दिसेना.
लिंबाने धुतला, पदराला पुसला,
खोबरेल लावलं, दुसरं बोट दिलं, तिसरं दिलं.
लाल. लाल. पुन्हा प्रयत्न करा.
इतकी वर्षं बोंडांच्या टोकांनी
रेघा वेचून नेलेल्या.
"मव्हा अंगठा गेला कुठं?" म्हणत
त्यांनी मागं वळून पाहिलं,
वाटेत पडला असावा तसं.

मग सर्व्हरच गेला.
त्या स्टुलावर बसून राहिल्या.
"काय करायलीस गं?"
चिमणी, म्हटलं. चौथी. तीन पुसल्या.
त्या कितीतरी वेळ पडद्याकडं बघत होत्या.
मग बोट टेकवून म्हणाल्या,
"ही आंधळी हाय. हितं एक टाक."
मी डोळ्याच्या काळ्या घराशेजारी
एक पांढरं घर भरलं.
"हां. आता बघायली."

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी
पडदा बंद केला तर काचेवर
खोबरेलाचा डाग.
तिरका बल्ब धरून पाहिला.
रेघा होत्या. तुटक, बारीक,
मधेच थांबून पुढं गेलेल्या,
तीन, एक, काही नाही, दोन.
फडकं हातात होतं. तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तोच काढायला घेतला.
सोळात मावेना.
बत्तीस बाय बत्तीस घेतलं,
एक हजार चोवीस घरं.
अजून जमलेला नाही.

चतुराबाईंचं काम सोमवारी झालं,
डाव्या करंगळीवर.